गारठाबाईचा भोंगा

गारठाबाईचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, दुकानात कुठेतरी आग लागली. आग लागलेली नसायची. कुणीतरी दह्याचा डबा निवडता निवडता काचेचं दार उघडं धरून शेजारणीशी गप्पा मारत उभं असायचं, एवढंच.

"दार लावा! वारा घ्यायला खिडकी नाही ही, आत माल आहे!"

गिऱ्हाईक दचकून दार लावायचं. नेहमीचे लोक हसायचे. एक म्हातारे गृहस्थ तर तिच्या तोंडून चार शब्द ऐकण्यासाठी मुद्दाम दार उघडं ठेवतात, असं गल्ल्यावरच्या मुली म्हणायच्या.

दुकान हमरस्त्याला लागून होतं. पुढे लांबच लांब रांगा, उजव्या भिंतीला दुधादह्याची काचेची कपाटं, मध्ये गोठवलेल्या मालाच्या पेट्या, आणि मागे, माल उतरवायच्या अंगणाला लागून, थंड खोली. दोन ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे राहतील एवढी ती खोली होती. दुकानात जे जे नासणारं होतं ते ट्रकमधून आधी तिथे यायचं आणि मग लागेल तसं पुढे जायचं. या सगळ्याची थंडी राखणं हे गारठाबाईचं काम. थंडी राखणं म्हणजे गुरं राखण्यासारखंच, असं ती म्हणायची. नजर हलली की एखादं बांधाबाहेर जातं. पण गुरं निदान हंबरतात तरी. थंडी न सांगता जाते, आणि ती गेल्याचं कळतं तेव्हा दूध चुलीवर फाटलेलं असतं.

तिच्या झग्याच्या खिशात सुईसारख्या टोकाचं थर्मामीटर असे. दुधाच्या दोन पिशव्या ती पोटाला पोट लावून धरी, मधे ते टोक सरकवी आणि डोळे मिटून थांबे. "काखेत धरल्याशिवाय ताप कळतो का कुणाचा?" असं तिचं म्हणणं. माल लावणाऱ्यांनी कपाटातल्या लाल रेघेच्या वर डबे रचले की ती ते स्वतःच्या हातांनी खाली उतरवून त्यांच्या पायाशी ठेवायची. "या रेघेवरून थंड वारा वाहतो. तुमच्या नाकात बोळे घातले तर चालेल का? मग कपाटाच्या नाकात कशाला?"

अंगावर बारा महिने लोकरीचा मफलर, पायात जाड मोजे, आणि जीभ मात्र निखारा. हे असं उलटं जमलेलं बघूनच कुणीतरी तिला गारठाबाई म्हणायला लागलं, आणि तेच नाव राहिलं.

तिचा नवरा त्याच दुकानात मागच्या अंगणात माल उतरवायचा. त्याला सबुरराव म्हणत. जिथे बायकोला दहा वाक्यं लागत तिथे त्याचं एका "हूं"वर भागायचं. ट्रकवरची ताडपत्री त्याने बांधली की वादळात हलायची नाही. त्याची एक खास गाठ होती. दोर दोनदा फिरवून शेपूट आत खोचायचा आणि त्या शेपटालाच एक छोटा फास ठेवायचा. बांधली की दगड, आणि फास ओढला की फूल. ती गाठ त्याला त्याच्या वडिलांनी शिकवली होती. दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती, आणि येईपर्यंत शिकायचा धीरही कुणाला नव्हता.

थंड खोलीत एक सेन्सर होता. त्याची तार ग्लिसरीनने भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवून ती बाटली क्रेटच्या उंचीवर, खोलीच्या मधोमध टांगलेली असे. बाटली का, तर दार क्षणभर उघडलं तरी हवा गरम होते, पण दूध लगेच गरम होत नाही. बाटलीतलं ग्लिसरीनही होत नाही. म्हणजे ती बाटली मालाच्या जागी बसलेली साक्षीदार. ती जे सांगे ते बाहेर दाराशेजारच्या पडद्यावर उमटे आणि त्यावरच मशीन चालू-बंद होई. बाटली तापली की भोंगा. तो दुकानात वाजे, आणि गारठाबाईच्या फोनवरही वाजे, वेळ कुठलीही असो.

त्या वर्षी भोंगा फार वाजला. दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलं होतं. तिथून थंडी गळत होती. गारठाबाईने मालकाला सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, एकदा मालकाचाच हात धरून त्या फटीशी नेला. "लागतोय का वारा? हे तुमचं दूध चाललंय पळून." मालक म्हणाला, बघू. मालकाचं "बघू" म्हणजे न बघणंच. मग भोंगा वाजे, ती उठे, सबुरराव स्कूटर काढी, आणि दोघं त्या गारठ्यात जाऊन दाराखाली पोती कोंबून येत. तिला खोकला लागला. छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरने सांगितलं, थंड खोलीत पाय ठेवायचा नाही.

"आत मी बघत जाईन," सबुरराव म्हणाला. "तू पडद्यावर बघ."

त्याच्यासाठी हे मोठं भाषण होतं. तिने ऐकलं.

आणि नवल म्हणजे तेव्हापासून भोंगा वाजायचाच थांबला. पडद्यावरचा आकडा बघावा तर हिवाळ्यातल्या पहाटेसारखा. गारठाबाई पडद्यासमोर उभी राही आणि मान ताठ करी. तिच्या ओरडण्यावरून मालकाने अखेर दाराला प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या होत्या. त्या पट्ट्यांचाच हा गुण, असं ती सगळ्यांना सांगायची. "बोंबलल्याशिवाय कुणी ऐकत नाही. बोंबलले म्हणून झालं." ती रात्रभर झोपू लागली. खोकला उतरला. चेहऱ्यावर तुकतुकी आली.

मग दूध फाटायला लागलं.

आधी एक बाई पातेलं घेऊनच आली. मग दुसरी आली. मग खानावळवाला आला आणि गल्ल्यासमोर उभा राहून त्याने असे शब्द वापरले की गारठाबाईसुद्धा गप्प ऐकत राहिली. तो गेल्यावर तिची कानशिलं तापली. तिच्या थंडीत दूध नासावं! तिने पुढची कपाटं एकेक तपासली. ठीक होती. मागचा पडदा पाहिला. उत्तम होता. मग राहिला तो रस्ता.

दूध आणायचा तो ट्रकवाला सबुररावाचा जुना दोस्त. गारठाबाईला वहिनी म्हणायचा. काही ट्रकवाले डिझेल वाचवून विकायला वाटेत गाडीचं थंडीचं मशीन बंद ठेवतात आणि दुकान जवळ आलं की पुन्हा चालू करतात, हे तिला ठाऊक होतं. बस, ठिणगी पडायला तेवढं पुरलं. ट्रक अंगणात लागला तशी ती पायऱ्या उतरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"वाटेत मशीन बंद ठेवतोस ना?"

"काय बोलताय वहिनी?"

"दूध बोलतंय, मी नाही. डिझेल विकतोस आणि आमचं नाव नासवतोस!"

"आईशपथ, एकदाही बंद केलं नाही. थर्मामीटर लावा ना, आत्ता लावा."

"आत्ता लावून काय? आत्ता थंडच असणार. चोर दारात आल्यावर साव असतो."

सगळं अंगण ऐकत होतं. ट्रकवाल्याने सबुररावाकडे पाहिलं. सबुरराव क्रेट उचलत होता. तो वाकलेलाच राहिला. पाठ काही सरळ केली नाही त्याने.

मालकाला निमित्तच हवं होतं. गिऱ्हाइकांना दाखवायला एक माणूस काढला की तोंडं बंद होतात. संध्याकाळपर्यंत ट्रकची किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली. जाताना ट्रकवाला एवढंच म्हणाला, "वहिनी, दूध एकदा फाटलं की जोडता येत नाही. माणसाचं नावही तसंच."

नवा ट्रकवाला आला. दूध फाटतच राहिलं.

आता गारठाबाईच्या रागाला बसायला जागा उरेना. ती पडद्याशी जाऊन उभी राही, आकडा बघे, आणि त्या आकड्याचाच तिला संताप येई. एवढा चांगला आकडा आणि एवढं वाईट दूध एका दारात कसं नांदतं? दुपारी दुकान पेंगलेलं असताना तिने मफलर कानांवरून घट्ट गुंडाळला, डॉक्टरला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या, आणि थंड खोलीचं दार ओढलं.

आत शिरताच तिला कळलं. नाकाला झोंबायला हवं ते झोंबलं नाही. तिने दोन पिशव्या पोटाला पोट लावून धरल्या, मधे टोक सरकवलं. डोळे मिटायचीही गरज पडली नाही. मालाला ताप होता.

मग तिने वर पाहिलं. बाटली आपल्या जागी नव्हती. तिची तार छताच्या कडेने वर गेली होती, आणि बाटली थेट पंख्याच्या तोंडाशी, जिथून मशीनचा ताजा बर्फाळ झोत निघतो तिथे, बांधलेली होती. मशीनला वाटत होतं, सगळी खोली अशीच थंड आहे. मग ते बिचारं कामच करत नव्हतं. साक्षीदाराला पंख्याखाली बसवलं होतं आणि पडद्यावर त्याची साक्ष वाचून गारठाबाई इतके दिवस मान ताठ करत होती.

ती क्रेटवर चढली. बाटली लोकरीच्या पट्टीने बांधली होती. पट्टी तिच्याच जुन्या मफलरची होती, गेल्या वर्षी फाटला म्हणून टाकलेल्या. आणि गाठ दोनदा फिरवलेली, शेपूट आत खोचलेलं, शेपटाला छोटा फास.

तिने गाठीला हात लावला नाही. ती खाली उतरली, बाहेर आली आणि अंगणात सबुरराव डबा उघडून बसला होता तिथे जाऊन उभी राहिली.

"उठा."

"जेवतोय."

"घास खाली ठेवा आणि उठा. तुमची गाठ बघून आले मी."

सबुररावाने घास खाली ठेवला. कानावर हात ठेवले नाहीत, एवढं खरं.

"तू खोकत होतीस," तो म्हणाला. "भोंगा वाजला की उठायचीस. छाती वाजायची तुझी. भोंग्यापेक्षा जास्त वाजायची. मला वाटलं, थोडे दिवस. रबर बदलेपर्यंत. झोप लागेल तुला."

"झोप! माझ्या झोपेसाठी अख्ख्या गावाला नासकं दूध पाजलंत?"

"एवढं गरम होईल असं वाटलं नव्हतं गं. आत थंडच लागायचं मला."

"तुम्ही दिवसभर उन्हात क्रेट उचलता. तुम्हाला भट्टीसुद्धा थंड लागेल! म्हणून तर थर्मामीटर असतं!" मग तिचा आवाज एकदम खाली आला, आणि तो खाली आला तेव्हा मात्र सबुरराव घाबरला. "आणि तो? तुमचा दोस्त? मी त्याला चोर म्हणत होते तेव्हा तुम्ही क्रेट उचलत होतात."

"तेव्हाच लक्षात आलं माझ्या. पण तू इतकी बोलत होतीस, सगळे ऐकत होते... जीभ उचलेना. नंतर म्हटलं आज सांगू, उद्या सांगू."

"सबुरराव म्हणतात तुम्हाला! मला वाटायचं हा माणूस विहिरीसारखा खोल आहे. विहीर कसली, नुसता खड्डा! आणि मी त्या खड्ड्यात डोकावून पाणी समजत राहिले!"

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाला, "गुपचूप खाली बांधतो पुन्हा. दूध नीट होईल. कुणाला कळणार नाही."

ते ऐकून गारठाबाईला जो राग आला तो आधीच्या सगळ्या रागांचा बाप होता. कारण क्षणभर, एकच क्षण, तिलाही ते बरं वाटलं होतं. कुणाला कळणार नाही. तिने आयुष्यात एकही शब्द परत घेतला नव्हता. लग्नातसुद्धा सासूला जे बोलली होती ते अजून उभं होतं. बाटली खाली आली की दूध सुधारेल, लोक म्हणतील, बरं झालं त्या चोराला काढला, आणि तिचा शब्द शाबूत राहील.

"त्या गाठीला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "मी येईपर्यंत अजिबात नाही. आणि त्या खोलीतला एक थेंब पुढे जाऊ द्यायचा नाही. दारात बसा तुमची सबुरी घेऊन."

ट्रकवाला वेशीबाहेर एका पंक्चरवाल्याकडे कामाला लागला होता. टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसला होता. तिला पाहून तो उठला नाही.

"या. थर्मामीटर आणलंय का? माझी काख मोकळी आहे."

"चल माझ्याबरोबर."

"पोलिसात?"

"दुकानात. तुझी चूक नव्हती. खोलीतला सेन्सर हलवला होता. आमच्या यांनी."

ट्रकवाल्याचे हात पाण्यातच थांबले. मग त्याने ट्यूब अशी पिळली की पाणी तिच्या पायांवर उडालं.

"आणि तुम्ही आत जाऊन बघितलं नाहीत?"

"नाही."

"उंटावरून शेळ्या हाकल्यात. शेळी मेली तर खापर माझ्या डोक्यावर! माझ्या पोटावर पाय दिलात वहिनी. वर चोर म्हणालात. परवा माझ्या सासऱ्याने जेवताना विचारलं, डिझेल कितीला विकायचास म्हणून. हसत विचारलं. सगळे हसले."

"बोल. अजून बोल. मी ऐकून घ्यायलाच आले आहे."

"माफी मागायला नाही?"

"माफी मला मागता येत नाही. कधी मागितली नाही, वळणच नाही जिभेला. पण मी चारचौघांत बोलले ते चारचौघांत उलटं करणार आहे. तू नसशील तर त्याला अर्थ नाही. चल म्हणते ना!"

"वा! माफीसुद्धा दरडावून!" ट्रकवाला म्हणाला. पण त्याने हात पुसले.

ती दोघं पोचली तेव्हा दुकान भरलेलं होतं. संध्याकाळची गर्दी, ढकलगाड्यांची टक्कर, गल्ल्यांवर रांगा. मागच्या दाराशी सबुरराव खरोखरच बसून होता, आणि त्याच्यासमोर मालक लाल होऊन उभा होता. पुढे दूध संपलं होतं आणि हा माणूस खोली उघडू देत नव्हता.

"बाई, तुझ्या नवऱ्याला वेड लागलंय का?"

"लागलंय. या आत. तुम्हीही या." माल लावणारे, उतरवणारे, पुढची दोनतीन गिऱ्हाईकं, जे जे मान वर करून बघत होते त्यांना तिने हात करून बोलावलं. मग नवऱ्याकडे वळली. "तुम्ही बांधलंत, तुम्हीच सोडा."

सबुरराव क्रेटवर चढला. सगळ्यांच्या देखत त्याने फास ओढला आणि गाठ फुलासारखी उघडली. लोकरीची पट्टी त्याच्या मनगटावर लोंबकळत राहिली. बाटली दोन्ही हातांत धरून, अंडं धरावं तशी, तो खाली उतरला आणि तिने ती मधोमध जुन्या हुकाला टांगली.

"आता थांबा," ती म्हणाली.

बाटलीला घाई नसते. तिचा स्वभावच तसा आहे, म्हणून तर तिला ठेवतात. बाहेर पडद्यावरचा आकडा एक पायरी चढला, थांबला, पुन्हा एक चढला. मालकाने घड्याळ पाहिलं, खिसे चाचपले, "गिऱ्हाईकं खोळंबली आहेत" म्हणाला. कुणी हललं नाही. ट्रकवाला हाताची घडी घालून पडद्याकडे बघत होता, पावसाची वाट बघणाऱ्याने आभाळाकडे बघावं तसा.

आणि भोंगा वाजला.

किती दिवसांचा कोंडलेला आवाज तो! पुढच्या रांगांतली माणसं कानांवर हात दाबून वळली. एक मूल रडायला लागलं.

"बंद कर तो!" मालक ओरडला. भोंग्याची किल्ली गारठाबाईच्या गळ्यात असायची.

"नाही करणार. हा त्याचा भोंगा आहे, त्याला ऐकू द्या." आणि तिने आपला आवाज भोंग्याच्याही वर चढवला. ते तिला जमत होतं. "या माणसाने मशीन कधी बंद ठेवलं नाही! दूध इथे नासलं, या खोलीत! सेन्सर आमच्या यांनी पंख्याशी बांधला, आणि मी आत पाय न ठेवता याला चोर म्हणाले! साप म्हणून भुई धोपटली मी! आणि मालक, तुमचं ते रबर अजून फाटकंच आहे, म्हणून हे सगळं! ऐकू येतंय का पुढे? का पुन्हा सांगू?"

"ऐकू आलं!" गल्ल्यावरून एक मुलगी ओरडली.

ट्रकवाल्याने भोंगा आणखी थोडा ऐकला. मग म्हणाला, "आता बंद करा. कान फुटले." आणि मालकासमोर तळहात पसरून उभा राहिला. एवढ्या लोकांसमोर मालकाला दुसरं काही सुचेना. ट्रकची किल्ली आली.

खोलीतला सगळा माल त्या दिवशी फेकला गेला. मालकाने एक क्रेट बाजूला सारायचा प्रयत्न केला, तर गारठाबाईने पिशव्या तिथेच थर्मामीटरच्या टोकाने टोचून टाकल्या. सबुररावाला काढलं. ती मधे पडली नाही. "बरोबर आहे," म्हणाली. तिलाही काढायचं मालकाच्या मनात होतं, पण दुसऱ्या दिवशी, आधी नासकं दूध घेऊन आलेली तीच बाई आणि तोच खानावळवाला तिलाच विचारू लागले, आजचं तुम्ही स्वतः बघितलंय ना? मग तो विचार मालकाच्या "बघू"मध्ये जाऊन पडला. रबर मात्र त्याच आठवड्यात बदललं.

ट्रकवाला अजून दूध आणतो. ती आता वहिनी राहिली नाही. ती समोर आली की तो मालाचा कागद दुसऱ्याच्या हाती देतो आणि गाडीच्या चाकांकडे बघत राहतो. यावर कुणी काही बोललं तर ती म्हणते, "त्याचं बरोबर आहे. मी त्याच्या जागी असते तर अंगावर गाडी घातली असती." आणि मफलर गुंडाळून थंड खोलीत शिरते, रोज, स्वतः, खोकला असो की नसो. बाहेर येते तेव्हा डोळ्यांत पाणी असतं. ते थंडीने येतं.

सबुरराव आता लाकडाच्या वखारीत ओझी बांधतो. ती लोकरीची पट्टी तिने त्याच्या स्कूटरच्या हँडलला बांधून ठेवली आहे, साध्या, बायकी, न सुटणाऱ्या गाठीने. कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली, म्हणजे इतर बायका जेवढं भांडणात बोलतात तेवढं.

नवं रबर असलं तरी भोंगा कधीतरी वाजतोच. वीज जाते, पंख्यावर बर्फ धरतो. परवा वाजला तेव्हा ती दमून गाढ झोपली होती. फोन तिच्या उशाशी वाजत राहिला. सबुरराव उठून बसला. बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं त्याने. छाती घरघरत होती. मग त्याने तिचा खांदा धरून हलवला.

"ऊठ. भोंगा."

ती धडपडत उठली, मोजे शोधू लागली आणि डोळे पुरते उघडायच्या आत तिचं सुरू झालं.

"कधीचा वाजतोय? आणि मला आत्ता उठवताय?"